भंडाऱ्यावरचा शब्द

९ सप्टेंबर, सोमवार. कुंडल

ही वही वीरधवलनं दिली. वर त्याच्या पुडीचं नाव छापलंय, सांधेवज्र, आणि उधळलेल्या घोड्याचं चित्र. म्हणाला, "मावशी, गुडघ्याला कसं वाटतंय ते रोज चार ओळी लिवा. चांगलं वाटलं तर चांगलं, वाईट वाटलं तर वाईट." मी म्हणाले, माझी शाळा चौथीत सुटली, मेंढरांमागं पाटी कोण नेतंय. तर म्हणाला, बोलता तसंच लिवा.

बोलते तसं लिहिलं तर कागद फाटेल.

पोरगा आष्ट्याचा. ऊसवाल्या घरातला, चारचाकीतनं फिरतो, बोलायला मऊ. आधी आला तेव्हा मी त्याला दारातनंच वाटेला लावला होता. आज आला तर पुडीचं नावच काढेना. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, म्हणाला, "मावशी, तुमाला माल खपवायला आलो न्हाई. तुमच्यासारखीला कोण काय खपवणार? गावात इचारलं, तोंडावर खरं बोलणारं कोण हाय, तर सगळ्यांनी तुमचंच घर दावलं. वापरून बघा. फरक न्हाई पडला तर चारचौघांत माझ्या तोंडावर फेका."

लबाड माणूस आपणहून तोंड पुढं करत नाही. मी निम्मी हयात मेंढरांच्या बाजारात काढली आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढराला मीठ चारून पाणी पाजतात, अंगानं भरलेलं दिसावं म्हणून. मी बरगडीखाली दोन बोटं घालून सांगते, हे मांस आणि हे पाणी. मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे.

पुडी घेतली. उसात भांगलायला, तण उपटायला, बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही, नुसती घरात खांबाला टेकून सुनेवर ओरडत असते. ह्याच्यापेक्षा वाईट काय होणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज सकाळी खांब न धरता उठले.

परत बसले आणि परत उठले. मालक चूल फुंकत होते, म्हणाले, "काय नमाज पडतीयास का?" मालकांचं नाव तोंडानं घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी. हरिबा. ह्या माणसाला आनंद झाला तरी टोमणाच सुचतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

कॅनॉलपर्यंत जाऊन आले. वाटेत कुठं बसले नाही. भूक अशी लागते की भाकरी तव्यावरनं उतरायची वाट बघवत नाही. एवढ्या वर्षांत अंगात असली हुशारी नव्हती.

अंकितानं, माझ्या सुनेनं, पुडी उलटीपालटी करून बघितली.

"आत्या, ह्यात काय काय हाय?"

"वनस्पती."

"कुठल्या?"

"शंभर टक्के वनस्पती, लिवलंय की."

"शंभर टक्के लिवलंय. नाव एकीचंबी न्हाई. बनवली कुठं ते न्हाई. आन् तो फुकट का देतोय तुमाला?"

मी म्हणाले, "माझा गुडघा दिसतोय का तुला? वाकतोय का? मग झालं तर." बारावी काय झाली, सगळ्या गोष्टीला का आणि कशावरनं. गुडघा माझा आहे, मला कळायला कागद लागत नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. वीरधवल आला, वही मागितली, वाचली, पानांचे फोटो काढले. "मावशी, ह्यो खांबाचा मजकूर लाख मोलाचा हाय," म्हणाला. मला बरं वाटलं. माझं लिहिलेलं आजवर कुणी वाचलं नव्हतं.

त्याला व्हिडिओ करायचा आहे. म्हणाला, ह्याच्या आधी शहरातल्या बायका घेतल्या, लिपस्टिक लावून गोड गोड बोलल्या, लोकांनी मान फिरवली. "लोकांना तुमच्यासारखं पायजे. चिडकं. खरं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्यात भंडारा उचलत्यात न्हवं?"

आमच्यात देवाची हळद मुठीत घेऊन बोललं की तो शब्द शेवटचा. बांधाची भांडणं त्याच्यावर मिटलीत, सोयरिकी मोडल्यात आणि जुळल्यात. बिरोबाच्या भंडाऱ्यावर खोटं बोलेल असा माणूस मी बघितलेला नाही.

मी म्हणाले, उचलीन की. खरं बोलायचं त्याला भ्यायचं कशाला.

मालक ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "देवाला बाजारात नगं नेऊस."

"खोटं बोलणार हाय का मी?"

"तसं न्हाई."

"मग कसं?"

ह्या माणसाला पुढचं सांगता येत नाही. उठून बकऱ्यांकडं निघून गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

झाला व्हिडिओ. बिरोबाच्या देवळात, पायऱ्या चढून दाखवल्या. वीरधवल म्हणाला, "मावशी, साखर आणि बीपीचंबी जरा बोला." मी त्याला तिथंच झाडला. मला साखर नाही, बीपी नाही, मी कशी बोलू? देवासमोर आहे मी. तो हसला, म्हणाला, "जेवढं खरं तेवढंच बोला, मला तेच पायजे."

मूठभर भंडारा घेतला आणि बोलले: "मी दगडाबाई. मला खांब धरल्याबिगर उठता येत न्हवतं. ही पुडी खाल्ली आणि मी चालाय लागले. खोटं बोलत असंन तर बिरोबा मला बघून घेईल."

ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. इथं लिहून ठेवते.

२० ऑक्टोबर, रविवार

आष्ट्याच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागलाय. पिवळी मूठ वर आणि माझं कपाळावर आठ्या घातलेलं तोंड. मालक म्हणाले, "सगळ्या आष्ट्यावर वरडतीयास." बायका दारात येतात. पलूसची एक बाई पाया पडली. मी सरळ सांगते, मला फरक पडला, तुझं तू बघ. त्या म्हणतात, तुमचं बोलणंच बास हाय.

तोंड भरलंय. गोल झालंय नुसतं. गालाचं हाड दिसत नाही. बायका म्हणतात चंद्रासारखं दिसतंय. ह्या वयात कुणी असं बोलावं, लाज वाटली पण ऐकून घेतलं. झोप तेवढी येत नाही. दंडावर निळे-काळे डाग उठलेत, चौकटीला घासलं असेल. आणि राग लय येतो. काल अंकितावर तांब्या फेकला. लागला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

आम्हाला भाऊ नाही. आईची आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून आम्हा दोघींची नावं धोंडुबाई आणि दगडाबाई, यमानं उचलायला जड जावं म्हणून. दर भाऊबीजेला एक दुसरीकडं जाते आणि आम्हीच एकमेकींना ओवाळतो. औंदा आक्का येणार होती, माण तालुक्यातनं, म्हसवडच्या अलीकडनं. आली नाही, फोन आला.

"दगडे, पायाच्या बोटाला जरा लागलंय, चप्पल चढंना. बाकी मी अशी ठणठणीत हाय की इचारू नगंस. तुझी पुडी चालू केली न्हवं का."

"तुझं कुठं गुडघं दुखत्यात?"

"साखरंला घेती. गोळ्या बंद केल्या. त्या गोळ्यांनी किडन्या जात्यात, व्हिडिओत सांगितलंय की तू."

मी म्हणाले, मी असलं काही सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "आगं, भंडारा हातात घेऊन सांगतीयास, मी रोज बघते तुला."

अंकिताला व्हिडिओ लावायला सांगितला. आधी मी माझ्या बोलण्यापर्यंतच बघितला होता, पुढं गाणं असेल म्हणून सोडून दिलं होतं. तर पुढं माझी पिवळी मूठ तशीच दिसत राहते आणि कुणीतरी दुसरीच बाई बोलते, गोड आवाजात. साखर मुळापासनं जाते. इंग्रजी गोळ्यांची गुलामी सोडा. बोलणारी दिसतच नाही. दिसते मी.

वीरधवलला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, तुमी बोललाय का ते? आवाज तर तुमचा न्हाई. तुमच्या शब्दाला आमी हातबी लावला न्हाई."

हे खरंच आहे. माझ्या शब्दाला हात लावलेला नाही. मग मला असं का वाटतंय की कुणीतरी माझी मूठ धरून ठेवलीय.

आक्काला फोन करून म्हणाले, गोळ्या चालू कर. ती म्हणाली, "बघू." आक्काचं बघू म्हणजे नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

रागानं मीच पुडी बंद केली. बघू म्हटलं काय होतं. काल उठताच आलं नाही. ओकाऱ्या, डोळ्यापुढं अंधारी, सगळं अंग कुणी दगडांनी ठेचल्यासारखं. मालकांनी उचलून आत निजवलं, तेव्हा त्यांनी टोमणा मारला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी पुडी खाल्ली. दुपारपर्यंत ताजीतवानी.

म्हणजे पुडीत दम आहे असं मी म्हणाले. अंकिता म्हणाली, "आत्या, दारू सोडल्यावर दारुड्याचं आसंच हुतं." पोरगी तोंडाला लय फटकळ आहे. माझ्या घरात येऊन झाली.

११ नोव्हेंबर, सोमवार

सांगलीला नेलं अंकितानं. डॉक्टरीण तरुण आहे. माझ्या तोंडाकडं बघूनच तिनं विचारलं, "कुठली पावडर घेताय?" मग दंड बघितले, बीपी मोजलं, रक्त काढायला लावलं.

ती म्हणाली, असल्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. दुखणं दबतं, जात नाही. भूक लागते, झोप जाते, तोंडावर सूज येते.

"सूज न्हाई ती. तब्येत सुधारलीया," मी म्हणाले.

तिनं माझ्या गालावर बोट ठेवलं. "आजी, हे मांस नाही."

मला आजी म्हणाली. मला राग आला आणि तिला म्हणाले, "तुमचंबी दुकानच हाय की. त्याची पुडी खपली तर तुमच्या गोळ्या कोण घेणार?"

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "हो, माझंही दुकान आहे. म्हणून मलाही विचारा, कशावरून म्हणता. तुमचं रक्त सांगेल. पुडीही तपासायला पाठवू. मी चुकले असेन तर तेही त्या कागदावर येईल. त्याला असं काही विचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. त्यानं मला विचारायची वेळच येऊ दिली नाही. आधीच म्हणाला होता, तुम्हाला कोण फसवणार. त्यानंतर विचारायचं म्हणजे मी फसेन असं मीच कबूल केल्यासारखं.

एकदम सोडायचं नाही म्हणाली. तिनं त्याच जातीच्या गोळ्या लिहून दिल्यात, मापून, हळूहळू कमी करत जायच्या. अचानक तोडलं तर जीवावर बेतेल. म्हणजे सोडायचं म्हटलं तरी मला सोडता येत नाही. ते खातखातच सोडायचं आहे.

आणि साखरेच्या माणसानं घेतली तर? मी विचारलं. साखर भडकते, म्हणाली. जखम झाली तर भरत नाही.

आक्काच्या पायाच्या बोटाला लागलंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रक्ताचा कागद आला. डॉक्टरीण म्हणाली तसंच. पुडीचा यायला वेळ लागेल, तिनं वर सरकारी खात्यात कळवलंय.

आक्काला फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर लोक आसंच बोलणार. तू भिऊ नगंस. मी तुझ्यासाठी बिरोबाला नारळ बोलते." तिचा लेक ज्योतिबा म्हणाला, "मावशी, आई कुणाचं ऐकत न्हाई. तुझा व्हिडिओ लावून माझ्यापुढं धरती."

१७ नोव्हेंबर, रविवार. आष्टा

निवडणुकीच्या गाड्या भोंगे लावून फिरतायत. पूर्वी मी त्यांना दारात उभी राहून शिव्या द्यायचे, सगळे खोटारडे म्हणून. आज नुसती ऐकत बसले. त्यातही प्रत्येक जण काही ना काही खरं सांगत होता. रस्ता झालाय, खरंय. पाणी आलंय, खरंय. पुढचं आपोआप गळी उतरतं.

वीरधवलच्या दुकानात गेले. चहा मागवला त्यानं, मी प्याले नाही. म्हणाले, व्हिडिओ काढून टाक आणि फ्लेक्स उतरव.

"फ्लेक्स आत्ता उतरवतो. व्हिडिओ माझ्या हातात ऱ्हायला न्हाई मावशी. लोकांनी लोकांना पाठवलाय. फिरतोय."

"मग मी उलटा व्हिडिओ करते."

"करा की." आवाज तेवढाच मऊ. "पण इचार करून करा. लोक म्हणतील दुसऱ्या कंपनीनं फोडली. न्हाईतर म्हणतील, मग तवा भंडारा खोटा उचलला का? दोन्हीत तुमचंच नाव जाणार. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. आणि खरं सांगा, गुडघा बरा झाला हुता का न्हाई?"

"झाला हुता."

"मग?"

मला बोलता आलं नाही. मला. बाजारात हेडे, जनावरांचे दलाल, माझ्यापुढं उभे राहत नव्हते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अंकितानं उलटा व्हिडिओ केला. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला. खाली लोकांनी लिहिलंय, मावशी विकली गेली. मावशीच्या मागं कुणीतरी आहे बघा. एकानं लिहिलंय, ही ती बाई नाहीच, तोंड बदललंय. तोंडाचं मात्र खरं आहे. गोळ्या कमी होतायत तसं उतरायला लागलंय. गुडघे परत धरलेत.

पहिला व्हिडिओ अजून आमच्याच गावात बायका एकमेकींना पाठवतायत. अंकिता म्हणाली, "त्यात तुमी रागानं बोलताय, ह्यात घाबरून बोलताय. राग खरा वाटतो, आत्या."

२४ नोव्हेंबर, रविवार. आक्काच्या घरी

आले इथं. आक्का ओट्यावर पाय सोडून बसली होती, तोंड माझ्यासारखंच, मीठ चारलेल्या मेंढरासारखं.  माझ्या तोंडावर हेच होतं तेव्हा मी त्याला तब्येत म्हणत होते.

पायाला चिंधी. सोडायला लावली. अंगठा काळा पडलाय, बाजूचं बोट त्याच वाटेवर. वास येतो. मी दाबलं तर म्हणाली, "दुखत न्हाई आगदी. बघ, पुडीनं दुखणं गेलं."

"आक्के, दुखत न्हाई म्हंजी मेलंय ते."

"तू सांगलीला जाऊन आल्यापासनं आसलंच बोलतीयास."

कागद दाखवला. दंडावरचे डाग दाखवले. डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळं सांगितलं. ज्योतिबानं हात जोडले. आक्का म्हणाली, "दगडे, तू भंडारा उचललायस. आता डॉक्टरणीचं ऐकून मी पुडी टाकली म्हंजी तुझी शपथ खोटी ठरवली. देव तुझ्यावर कोपंल. मी थोरली हाय. पाय गेला तर जाऊ दे, तुझ्यावर काय येऊ देणार न्हाई."

माझ्यासाठी. ती पाय माझ्यासाठी कुजवून घेतेय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आक्काला ताप होता. पाय नडगीपर्यंत लाल. ज्योतिबा जीप आणायला गेला, ती म्हणाली आणलीस तरी बसणार नाही.

मी चुलीपाशी बसून विचार केला. मी तिला पुडीबद्दल सांगतेय, साखरेबद्दल सांगतेय, रक्ताबद्दल. तिचा विश्वास पुडीवर नाहीच. कधीच नव्हता. माझ्या मुठीवर आहे. मी खरं बोलले म्हणून ती अडकली, आणि मी खरंच बोलत राहिले तर ती मरणार.

उठले. देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"आक्के, हिकडं बघ. माझा गुडघा बरा झालाच न्हवता. वीरधवलनं चालून दाव म्हणून सांगितलं, मी दात-ओठ खाऊन पायऱ्या चढले. फ्लेक्सवर तोंड येईल म्हणून भंडाऱ्यावर खोटं बोलले. आता खरं बोलतीया. ह्यात खोटं असंल तर बिरोबा मला बघून घेईल."

 इथं लिहून ठेवते, कारण तोंडानं हे कुणालाच सांगता येणार नाही. दसऱ्याला मी खरं बोलले होते. आज खोटं बोलले.

आक्का बघत राहिली. मला वाटलं विचारेल, मग कॅनॉलपर्यंत चाललीस ते कसं? मला फोनवर हसत सांगितलंस ते? तिला सगळं माहीत होतं. एक सवाल केला असता तर मी उघडी पडले असते. एकही केला नाही. पिवळ्या मुठीकडं बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"देवाला फसवलंस व्हय गं," एवढंच म्हणाली. मग ज्योतिबाला हाक मारली. "गाडी दारात लाव."

जीपमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. पुढं बसली, तापानं फणफणत.

३० नोव्हेंबर, शनिवार. सातारा

अंगठा आणि बाजूचं बोट काढलं. पाऊल राहिलं. आणखी थांबलो असतो तर पाय गुडघ्यापासनं गेला असता, डॉक्टर म्हणाले. साखर सुया देऊन खाली आणतायत. पुडीच्या जागी तिलाही मापून गोळ्या आहेत, माझ्यासारख्या.

आक्का माझ्या हातचं पाणी घेत नाही. ज्योतिबानं दिलं तर पिते. बाजूच्या खाटेवरच्या बाईला मी ऐकेन इतक्या मोठ्यानं सांगत होती, "ही माझी धाकटी. आमच्यात कुणी खोटं बोललं न्हवतं, हिनं नाव काढलं." मी खाली बघून तिच्या चादरीच्या घड्या घालत बसले.

मालक फोनवर म्हणाले, "काय आसंल ते सांग की तिला आता, बोटं काढून झाली." मी म्हणाले, सांगितलं तर ती घरी जाऊन पुन्हा पुडी काढेल. शपथ खरी होती म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार?  "मग राहा आशीच," म्हणाले. मऊपणानं म्हणाले.

देवाचं काय ते मला अजून कळलेलं नाही. वाट बघतेय. त्याला काय करायचं ते माझं करील, आक्काला त्यात ओढू नये.

५ डिसेंबर, गुरुवार

आज दुपारी वॉर्डात एक बाई आली. तिच्या सासूला भेटायला आलेली, कोरेगाव भागातली. माझ्याकडं बघत बघत जवळ आली.

"तुमीच न्हवं त्या? भंडाऱ्याच्या?"

 तिनं पिशवीतनं पुडी काढली. तोच घोडा. "सासूला चालू केलीया. इथल्या लोकांना सांगितलं न्हाई. चालू ठिवू का?"

"टाकून दे."

"आवं पण तुमीच तर." ती गोंधळली. "व्हिडिओत तर तुमी चालताय. तुमी भंडारा उचलून सांगा, मग टाकते. मी घिऊन येते खालनं देवळातनं."

 खरं सांगू तर आक्का ऐकतेय. खोटं सांगू तर आणखी एकदा. आणि दोन्ही सांगितलं तरी ही बाई माझ्याच मुठीकडं बघणार. उद्या तिसरी येईल.

तेव्हा आक्का उशीवरनं बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याबद्दल बोलताना तिच्या आवाजात टोचणी नव्हती.

"तिच्या शपथेवर जाऊ नगंस बाई. खोटारडी हाय ती. माझी बहीणच हाय, म्हणून सांगते. कुणाच्याच शपथेवर जाऊ नगंस. पुडी घे आन् त्या नर्सबाईला दाव, म्हणावं ह्यात काय हाय, सासूला चालंल का. ती बोलली न्हाई तर डॉक्टरला इचार. ती काय म्हणती ते आन् का म्हणती ते, दोन्ही इचार."

बाई आक्काच्या पट्टी बांधलेल्या पायाकडं बघत उभी राहिली. मग पुडी घेऊन नर्सच्या टेबलाकडं गेली.

खोटारडी. माझ्या तोंडावर. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याचं मी काय केलं असतं.  आक्कानं छताकडं बघत म्हटलं, "च्या आण जा. बिनसाखरंचा."

गोळ्या आणखी कमी झाल्यात, गुडघे मूळपदावर आलेत. खाटेचा कठडा धरून उठले, मग पुढच्या खाटेचा, मग त्याच्या पुढच्या, असं धरत धरत दारापर्यंत गेले. आक्का मागनं बघत होती. मी मुद्दाम सावरून चालले नाही. बघू दे, हे तरी खरं आहे.